मागचा ब्रेक

१४ सप्टेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तूही ठीक असशील, अशी सुरुवात करायची पद्धत आहे. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे आणि दुसरं मला माहीत नाही, म्हणूनच लिहिते आहे. फोन करता आला असता. पण फोनवर तू "हं", "बरं" आणि "ठेवतो" एवढंच बोलतोस, आणि मला जे सांगायचंय ते त्यात मावणारं नाही.

आधी बातम्या. आईचा गुडघा बरा आहे. घरमालकांनी जिन्याला रंग काढला. कोणता ते विचारू नकोस. माझी नोकरी तीच. कारखान्यांतून बॉयलरवरचे, गॅसच्या टाक्यांवरचे दाबमापक आमच्या प्रयोगशाळेत येतात, आम्ही ते खात्रीच्या यंत्राशी ताडून बघतो आणि कोणता किती चुकतो ते लिहून देतो. तू म्हणायचास, हिला दुसऱ्याच्या चुका काढायचे पैसे मिळणार. मिळतात.

आता माझी बातमी. मला ब्लडप्रेशर आहे.

हसू नकोस. मीही हसलेच होते. मी रोज सकाळी तलावावर पोहते, सिगारेट-दारू नाही, वजन जिथं असायला हवं तिथंच आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, मला पाणी दिलं, पाच मिनिटं गप्प बसवलं आणि परत बांधला. मग म्हणाल्या, जिना चढून आलात का? मी म्हटलं, तळमजल्यावरच काम करते. वरचा आकडा एकशे अठ्ठावन्न, खालचा एकशे दोन.

मी काय केलं असेल ते तू ओळखलंच असशील. मी यंत्राला दोष दिला. डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे शेवटचं कधी तपासलंय? त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतःला दाखवायला आलात की यंत्राला?" तरी मी पिच्छा सोडला नाही. पोहून दंड भरलेत, पट्टा लहान पडत असेल, म्हणून मोठा पट्टा मागितला. शेवटी परवानगी काढून आमच्या प्रयोगशाळेतलं खात्रीचं यंत्र घेऊन गेले आणि त्यांच्या टेबलावर ताडून बघितलं. बाहेर पेशंट खोळंबले होते. त्यांचं यंत्र अगदी बरोबर होतं, दादा. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या यंत्रांपेक्षा चांगलं.

मग एक यंत्र दिवसभर दंडाला बांधून फिरायला लावलं. ते मनाला येईल तेव्हा घरघरायचं आणि दंड आवळायचं. मी दाबमापक तपासतेय आणि मला दाबमापक तपासतोय, हे बघून आमच्या लॅबमधले सगळ्यांत जुने काका म्हणाले, "तुझं सर्टिफिकेट कधी निघणार?" मूत्रपिंडाची सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. काहीही सापडलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तब्येत उत्तम आहे आणि दाब जास्त आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं." मला ते वाक्य आवडलं नाही, पण त्यात चूक काढता आली नाही.

तर आता रोज सकाळी एक गोळी. जेवणात वरून मीठ नाही. पोहणं चालू ठेवायचं, फक्त श्वास कोंडून जड वजन उचलायचं नाही. पहिल्या गोळीनं घोटे सुजले, ती बदलली. एवढंच. यात घाबरण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला सांगते तेव्हा ते बऱ्याचदा पटतं.

त्यांनी घरातल्यांबद्दल विचारलं. आई? गुडघा. वडील? मी म्हटलं, अपघात, उतारावर सायकलवरून पडले. त्यांनी विचारलं, "त्याआधी त्यांना काही होतं का?" मी म्हटलं, नाही, ते पैलवान होते.

त्या दिवसापासून मला बाबांबरोबरच्या सकाळी सारख्या आठवतात. सुट्टीच्या दिवशी आपण तिघं धरणापर्यंत जायचो. बाबा पुढे शीळ घालत, मध्ये मी, मागे तू, माझ्या चाकाला चाक लावायची धमकी देत. परत आल्यावर ते माझी सायकल एका खांद्यावर आणि तुझी दुसऱ्या खांद्यावर घेऊन जिना चढायचे, आणि तू म्हणायचास, आता मलाही उचला. मग नळाखाली डोकं धरायचे. कान लालबुंद झालेले असायचे. आपण ओले तळवे त्यांच्या कानांवर ठेवायचो आणि ते तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा "चर्रर्र" आवाज काढायचे. आठवतं? आपण परत परत ठेवायचो. त्यांनी एकदाही कंटाळा केला नाही.

लाल कान हा कशाचाच पुरावा नाही, हे मी विचारून घेतलंय. दाब वाढलेल्या बहुतेकांना काही जाणवतच नाही. तरी आठवतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. मघापासून टाळते आहे.

दोन महिने गोळी घेतल्यावर माझे आकडे सुंदर आले. गेल्या रविवारी आईकडे जेवायला गेले होते. जेवताना मी सहज म्हटलं की आता बरं आहे, गोळी बंद करून बघणार आहे. आई वाढत होती. तिचा हात तसाच राहिला. म्हणाली, "बंद करू नकोस."

मी विचारलं, का?

"तुझ्या बाबांनीही अशाच बंद केल्या होत्या."

मग तिनं सगळं सांगितलं. खाली बघून, भांड्यांकडे बोलत असल्यासारखं. बाबांच्या वर्कशॉपमध्ये दरवर्षी डॉक्टर यायचे. त्यांनी बाबांचा दाब फार वाढलाय म्हणून गोळ्या लिहून दिल्या होत्या. बाबा त्या सायकलच्या सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत ठेवायचे, आपल्याला दिसू नयेत म्हणून. आईला म्हणाले होते, पोरांना कळू देऊ नकोस, पोरं मला पैलवान समजतात. काही महिने घेतल्या. मग बरं वाटतंय म्हणून सोडून दिल्या. आईही म्हणाली, बरं वाटतंय ना, मग झालं. त्या शेवटच्या आठवड्यात त्यांचं डोकं दुखत होतं. त्या सकाळी कामावर निघताना त्यांना उजव्या हातानं डब्याच्या पिशवीचा बंद बांधता येईना, तो तिनं बांधून दिला. ते हसले आणि गेले.

ती हे इतकी वर्षं एकटीनं घेऊन बसली होती. आणि त्याच घरात तू दुसरं काही घेऊन बसला होतास, जे फक्त मला माहीत होतं.

तू घर सोडून टॉवरच्या कामावर निघालास, त्या दिवशी गच्चीच्या जिन्यावर मला म्हणाला होतास की बाबांच्या सायकलची मागच्या ब्रेकची वायर आदल्या संध्याकाळी तू बदलली होतीस. रस्त्यावर चाक घासल्याची खूण नव्हती, लोक म्हणत होते ब्रेक लागलाच नाही, आणि तो ब्रेक तू बसवलेला होता. आईला सांगितलंस तर परत तोंड बघणार नाही, असंही म्हणाला होतास. मी चौदा वर्षांची होते. सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. पण त्यानंतर तू त्या घरात दोन रात्री सलग झोपलेला मला आठवत नाही.

जेवण झाल्यावर मी मागच्या खोलीत गेले. सायकल अजून तिथंच आहे, चादरीत गुंडाळलेली. आईला वाटलं विकायला काढतेय. पुढचा चिमटा वाकलाय, पुढचं चाक फिरत नाही. मागचं सगळं शाबूत आहे. मी खाली बसले आणि जसं कारखान्यातून आलेलं यंत्र तपासते तसं ते तपासलं.

वायर तुटलेली नाही. नटातून तसूभरही सरकलेली नाही. सरकली असती तर तिच्यावर ओरखडा उमटला असता. नट तू इतका आवळला आहेस की वायरचे दोन पदर चेपलेत. सोळा वर्षांच्या मुलानं सगळा जोर लावून आवळलेला नट आहे तो. रबर आता दगड झालंय. तरीही मी पुढचं चाक उचलून धरलं, मागचा ब्रेक दाबला आणि अंगाचा सगळा भार टाकून सायकल पुढे ढकलली. मागचं चाक फिरलं नाही. फरशीवर काळा पट्टा उमटला, तो आईला दिसण्याआधी मी पुसला.

मी जेवढं मोजता येतं तेवढंच सांगते, हे तुला माहीत आहे. बाबांच्या डोक्यात त्या उतारावर काय झालं ते मला ठाऊक नाही. पडल्यावर डोक्याला मार लागला होता, त्याच्या आधी आत काही झालं होतं का ते कुणी शोधलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाताचं ऐकून तसं वाटतं खरं, पण इतक्या वर्षांनी खात्रीनं कुणीच सांगणार नाही. म्हणून तेही मी सांगत नाही. पण ब्रेकचं मी सांगू शकते. ब्रेक लागत होता, दादा. तो कुणी दाबला नाही.

आता दोन मागण्या. तू एकतीस वर्षांचा आहेस, दोरीवर लटकून काम करतोस, आणि तुलाही वाटत असेल की आपण पैलवान आहोत. दाब मोजून घे. दोन्ही दंडांवर, वेगवेगळ्या दिवशी, आधी शांत बसून. दुसरी मागणी, आईला तुझं सांगायची मला परवानगी दे. तुला विचारल्याशिवाय मी सांगणार नाही, तुला शब्द दिलाय. पण ती साठीला आली आणि तिला वाटतं की तिचा मुलगा कामात असतो.

लांबलचक उत्तर नको. आकडे पाठव, आणि हो किंवा नाही.

तुझी
धाकटी


५ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं पाकीट पोचलं. एवढ्या मोठ्या पाकिटात एवढीशी चिठ्ठी. टपालवाल्याला वाटलं असेल चेक आहे.

एकशे अठ्ठेचाळीस आणि शहाण्णव. दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढेच. हे जास्त आहेत. घाबरण्याइतके नाहीत, दुर्लक्ष करण्याइतकेही नाहीत. तिथल्या डॉक्टरांना बाबांचं सांग आणि माझंही सांग, आणि ते विचारतील त्याला "पैलवान होते" असं उत्तर देऊ नकोस. तपासण्या होईपर्यंत वर चढायचं की नाही तेही त्यांनाच विचार, तुझ्या मुकादमाला नको. मी दिवसाआड फोन करणार आहे. "हं" चालेल, पण त्याच्याबरोबर आकडा हवा.

चिठ्ठीच्या खाली तू लिहिलंस, "आईला सांग. मला नाही जमणार." म्हणून काल गेले.

ती वाळलेले कपडे घड्या घालत होती. मी आडवळणानं काही बोलले नाही, मला ते येत नाही. वायर, आदली संध्याकाळ, गच्चीचा जिना, सगळं क्रमानं सांगितलं. ब्रेक मी तपासलाय आणि तो चालू आहे, हेही. तिनं हातातल्या टॉवेलच्या चार वेळा घातलेल्या घडीवर परत घडी घातली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "म्हणून येत नव्हता होय तो?"

मी म्हटलं, तुला काय वाटत होतं?

"मला वाटलं, त्याला गोळ्यांचं कळलंय. मी त्यांना घ्यायला लावल्या नाहीत म्हणून माझं तोंड बघत नाही."

दादा, तू दर वेळी आलास की सकाळी निघून जायचास, आणि ती दारात उभी राहून तुला थांब म्हणायची नाही. मला नेहमी त्याचा राग यायचा. तिला वाटायचं, तिला थांब म्हणायचा हक्क उरलेला नाही.

तिनं टॉवेल बाजूला ठेवला. मग स्वतःशीच म्हणाली, "अगं, सोळा वर्षांचं पोर होतं ते." आणि मला विचारलं, तू उत्तर कधी पाठवणार आहेस. मी म्हटलं, उद्या. म्हणाली, मग माझ्यासाठी जागा ठेव.

म्हणून मी इथंच थांबते. या कागदाचा खालचा अर्धा भाग तिचा आहे. मी पाकिटावर पत्ता लिहून, तिकीट लावून तिच्याकडे देते आहे. काय लिहिलं ते मी विचारणार नाही, आणि तूही मला सांगू नकोस.

तुम्हां दोघांची
धाकटी