पुलावरची बाळंतीण

कवाई, हवाई
ऑगस्ट १९८४

प्रिय दीपा,

आमच्या बेटावर सध्या जपानी लोकांचा पितरांचा सण चालू आहे. आपल्या पितृपक्षासारखाच, पण हे लोक पितरांसाठी नाचतात. श्रीरंगला हॉस्पिटलमधून सवड नाही, म्हणून शेजारच्या हारुको आजी मला ओढून नेतात. त्यांचे आईवडील इथे उसाच्या मळ्यात मजुरीला आले, ते येताना गावची भुतंही घेऊन आले, असं त्या हसत सांगतात. एकीबद्दल मात्र हसत नाहीत. ओढ्यावरच्या लाकडी पुलावर संध्याकाळी एक बाई दिसते म्हणे, बाळंतपणात गेलेली. जो येईल त्याच्यापुढे बाळ धरते. घेतलं की ते जड होत जातं आणि माणसं टाकून पळतात. "तू तर तिकडे मुळीच जाऊ नकोस," असं त्यांनी मला बजावलं होतं.

का, ते तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी माझी मुलगी पोटातच गेली, आणि ती मला कुणी दाखवलीसुद्धा नाही. माझ्याच भल्यासाठी. श्रीरंगनं पाहिली, पण तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

मंगळवारी ग्रोसरी घेऊन येताना मोठा रस्ता बंद होता, म्हणून पुलाकडून ड्राइव्ह केलं. ती उभी होती. पाऊस नव्हता, तरी नखशिखांत भिजलेली. मी गाडीतून कशी उतरले, कळलं नाही. बाळ आधी कापसासारखं हलकं होतं, मग असं जड झालं की मी गुडघ्यांवर आले. खांदे निखळतील असं वाटलं, पण सोडलं नाही गं. माझ्या मुलीसाठी ठरवलेलं नाव घेऊन त्याला जोजवत राहिले. शेवटी ती बाई, हे लोक आभार मानताना वाकतात तशी, कमरेत वाकली, आणि माझे हात रिकामे झाले.

आजींना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "केसांत काय होतं?" लाल फणी, म्हटलं. त्या रडायलाच लागल्या. त्यांची थोरली बहीण होती ती. इतकी वर्षं त्या भीतीनं पुलाकडे फिरकल्या नव्हत्या. काल आम्ही दोघींनी तिथे उदबत्ती लावली.

श्रीरंगला वाटेल मला भास झाला, असं धरून चालले होते. पण सगळं ऐकून तो म्हणाला, "तिला खूप जावळ होतं, मृणाल." आम्ही पहिल्यांदा एकत्र रडलो.

आता मुद्द्याचं. परवा फोनवर आईच्या तोंडून निसटलं. तुला सातवा लागलाय, आणि मला कळू द्यायचं नाही असं तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय. रागावले नाही मी. पण आईचा व्हिसा होत नाहीये आणि तिकडे तुमच्या अर्विंग गावात तुझं करणारं कुणी नाही. मी येतेय. तिकीट काढलंय, कॅन्सल करणार नाही. तुझं बाळ मला धरायचंय.

तुझीच,
मृणालताई