‘माझे स्पष्ट मत’ कुठे गेले?

३ जून २०२५, मंगळवार. अंथुर्णे.
सकाळी ९. कॉम्प्युटरवर ‘कालवाकाठ’ उघडले. आपल्या भागातल्या बातम्यांची ही वेबसाइट. इंदापूरचा संदेश वाघमोडे एकटाच चालवतो. बातमीदार तोच, फोटोग्राफर तोच, संपादकही तोच. दर गुरुवारी तिच्यावर माझे सदर येते : ‘माझे स्पष्ट मत’, लेखक रामहरी साबळे, निवृत्त वरिष्ठ लिपिक, पाटबंधारे. चौदा महिने, एकही खाडा नाही.
मागच्या गुरुवारचा लेख (‘चप्पल दारात कशी काढावी’) सहाव्यांदा वाचत होतो. तेवढ्यात माझ्या फोटोवर मूळव्याधीची जाहिरात येऊन बसली. ‘लाजू नका, आजच फोन करा.’ शेजारचा तात्याबा बघत होता. म्हणाला, फोटोला शोभतंय.
संकल्प : या घरात यापुढे एकही जाहिरात दिसणार नाही.

४ जून
मुलीला, म्हणजे स्वरालीला, फोन केला. ती बारामतीत कॉलेजात शिकवते. जाहिराती अडवणारा अॅड-ब्लॉकर कसा टाकायचा ते तिने दोन वाक्यांत सांगितले. मला माहीतच होते, फक्त खात्री करून घेतली.
पहिल्यांदा जे डाउनलोड झाले त्याने जाहिराती तिप्पट झाल्या आणि सगळी अक्षरे चिनी. कंपनीचा दोष. दुसऱ्या प्रयत्नात यश. एकूण साडेचार तास. स्वराली पूर्ण वेळ फोनवर होती, पण नुसती ऐकायला.
आता पान एकदम स्वच्छ. कोपऱ्यात लाल बिल्ला, त्यावर आकडा : १७ जाहिराती अडवल्या. निवृत्तीच्या सत्कारातही एवढे समाधान झाले नव्हते.

५ जून, गुरुवार
६.३०. माझा लेख नाही.
८.००. नाही.
११.१५. नाही. उसाच्या थकलेल्या बिलाची बातमी आहे, दुधाचा भाव आहे, कुणाच्या तरी बैलाचा वाढदिवससुद्धा आहे. माझा लेख नाही. बिल्ल्यावर आज १८. ब्लॉकर दिवसेंदिवस सुधारतोय.

६ जून
संदेशला फोन. म्हणे, “काका, टाकलाय की. काल सकाळी साडेसहालाच.” माझ्यासमोर पान उघडे, आणि हा माणूस खोटे बोलतो! मी फोन आपटला.
बायकोला, म्हणजे विजयमालाला, सांगितले. तिच्यापुढचे परातीतले पीठ तसेच राहिले. परसात जाऊन बराच वेळ कुणाशी तरी फोनवर बोलत होती. माझा अपमान तिला माझ्यापेक्षा जास्त लागतो.

८ जून, रविवार
न छापलेला लेख विजयमालाला मोठ्याने वाचून दाखवला. मग मागचे चार. पूर्वी, सदर सुरू होण्याआधी, रोज वाचायचो. तिचा चेहरा उतरला होता. डोळे मिटून बसली. शब्द आत जातात तेव्हा माणूस असाच बसतो.

१२ जून, गुरुवार
पुन्हा नाही. आता साक्षीदार हवा, म्हणून तात्याबाच्या मोबाइलवर पाहिले. तो म्हणाला, “मला बी न्हाय दिसत.” त्याच्या मोबाइलमध्ये मीच परवा ब्लॉकर टाकून दिला, त्यामुळे तिथे नसत्या जाहिरातींचा गोंधळ नाही. निर्मळ पुरावा. सिद्ध झाले : संदेशने मला काढले आहे आणि तोंडावर सांगायची हिंमत नाही. तरी लेख दर आठवड्याला पाठवणारच, खाडा माझ्याकडून नको.
कारणही कळले. चपलेच्या लेखात मी एका मोठ्या माणसाला नाव न घेता झोडपले होते. कोणाला, ते मलाही सांगता येणार नाही.

१५ जून, रविवार
‘कालवाकाठ’ चालते कशावर? जाहिरातींवर. पाइपवाला, खतवाला, मंगल कार्यालयवाला. तेव्हा ठरले.
मारुतीच्या मंडपात टेबल टाकले. फलक : ‘जाहिरातमुक्त मोबाइल, मोफत’. एका दिवसात एकेचाळीस मोबाइल. बाया, म्हातारे, सोसायटीचा सचिव. प्रत्येकाला सांगितले, संदेशने एका लेखकाचा गळा दाबलाय. कोणत्या, असे दोघांनी विचारले. बाकीचे रांग मोडू नये म्हणून गप्प राहिले.

२२ जून
बारामतीत मॉर्निंग वॉकवाल्यांचे त्रेसष्ट मोबाइल. कोऱ्हाळ्यात मेहुण्याकडे बत्तीस. माझे काम आता चळवळीसारखे झाले आहे. चळवळ हा शब्द मीच प्रथम वापरला.

१ जुलै
संदेश मोटरसायकलवरून घरी आला. बारीक झालाय. उभ्याउभ्याच म्हणाला, “काका, लोकांनी जाहिराती बघितल्याच न्हाय तर दुकानदार मला कशाला देतील? तिघांनी बंद केल्या. घरात लहान पोरगी हाय. तुमी हे थांबवा.”
मी विचारले, माझा लेख कुठे आहे ते सांग.
त्याने तोंड उघडले. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितले. तिथे विजयमाला उभी होती, जोरजोरात मान हलवत. चिलटे फार झालीत. त्याने तोंड मिटले. चहा न घेता गेला.
अपराधी माणसाला शब्द सापडत नाहीत. लगेच त्यावर लेख लिहिला. संध्याकाळी विजयमालाला वाचून दाखवला. दोनदा.

१० जुलै, गुरुवार
विजय! ‘कालवाकाठ’वर ठळक सूचना : पंधरा तारखेपासून बंद. तात्याबा सांगत होता, संदेशला कटफळच्या एमआयडीसीत गेटवर नोकरी लागली, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावे रजिस्टरात लिहायची. म्हणजे लिहिण्याचेच काम मिळाले. मी कुणाच्या पोटावर उठणारा माणूस नाही.
तात्याबा आज हसला नाही. वय झाले त्याचे.

१३ जुलै, रविवार
दुपारी १. स्वराली आली. म्हटले, पान बंद व्हायच्या आत पुरावा बघून घे. तिने बघितला. लाल बिल्ल्यावर बोट ठेवले, एकदा दाबले. ब्लॉकर बंद.
माझा लेख आला. फोटोसकट. मागच्या गुरुवारचा, त्याच्या आधीचा, सगळे सहाही. कोणताही चुकला नव्हता. प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक अक्षरात एक शब्द : जाहिरात.
मी म्हणालो, छपाईची चूक. स्वरालीने आईकडे बघितले. विजयमाला मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “चूक न्हाय. मीच त्याला पैसं दिऊन छापाया सांगितलं हुतं. वर्साला एक बोकड इकावं लागतं त्यापायी.”
मी विचारले, का?
“छापून आलं की तुमी मला मोठ्यानं वाचून दावत न्हाय.”
स्वराली उठून बाहेर गेली.

दुपारी ४. शांतपणे विचार केला. जाहिरात म्हणजे काय? प्रसिद्धी. पत्नीने पतीच्या विचारांना प्रसिद्धी दिली. गैर काहीच नाही. आणि वाचकांना कुठे ठाऊक की बोकड कुणाचे? लेख तर त्यांनी वाचलेच. किती जणांनी, तो आकडा संदेशकडे असणार.

१६ जुलै, बुधवार
सकाळच्या एसटीने बारामती, तिथून कटफळ. गेटवर संदेश. निळा शर्ट, खांदे मोठे, माप दुसऱ्याचे. मला बघून उठला, सवयीने ‘काका’ म्हणाला आणि खुर्ची दिली. मला वाटले होते, शिव्या देईल. तयारी करून गेलो होतो.
विचारले, माझे वाचक किती होते?
तो म्हणाला, जाऊ द्या काका.
मी म्हणालो, मी खरे ऐकू शकणारा माणूस आहे.
एक ट्रक आला. संदेशने नंबर लिहून घेतला, फाटक उघडले, लावले. मग म्हणाला, “तुमी सोडून एक. दर गुरुवारी, सकाळी साडेसहाला. काकू. लेख आलाय का न्हाय एवढंच बघायच्या. उघडून वाचत न्हवत्या.”
मी म्हणालो, वेबसाइट पुन्हा चालू कर, मी स्वतः गावोगाव जाऊन ब्लॉकर काढतो. तो म्हणाला, “काढून कोण देईल काका? लोकांना आता बरं वाटतंय.”
मागे दुसरा ट्रक हॉर्न वाजवत होता. मला खुर्ची सोडावी लागली.

१७ जुलै, गुरुवार
६.३०. कॉम्प्युटर लावला नाही.
७.१०. विजयमाला दारात आली. पदराला हात पुसत म्हणाली, “आज वाचणार हाय का? म्हंजी भाकऱ्या आधी करून घेते.”
नाही म्हणालो.
“उद्या?”
नाही.
“बगा हं,” म्हणाली, आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली, मी शब्द बदलतो का ते बघत. मग आत गेली.
७.२५. आतून गाण्याचा आवाज येतोय. आधी वाटले, रेडिओ. रेडिओ माझ्यासमोर आहे, बंद. लग्नाला छत्तीस वर्षे झाली. हिला गाता येते, हे मला माहीत नव्हते.