भाऊजींची गिअरची सायकल

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद.

घर सोडताना तुम्ही जिन्याखाली टाकून गेलेली जाड टायरची, गिअरची सायकल मी दुरुस्त केली. साखळी रॉकेलमध्ये भिजत घातली, गंज लिंबू-मिठाने घासला, अडकलेले गिअर तेल घालून मोकळे केले. गुडघ्यांमुळे टेकडीवरचं देऊळ सुटलं होतं. आता सगळ्यात हलक्या गिअरवर सावकाश चढते.

हे म्हणाले, "दर्शनाला निघालीस की सर्कशीत?"

मी म्हटलं, "बाजूला व्हा, ब्रेक अजून माझं ऐकत नाहीत, तुमच्यासारखेच!"

सायकल मीच ठेवू का, हे विचारायला पत्र लिहायला घेतलं. पण विचारलं तर तुम्हाला ती आठवेल, आणि आठवली की न्यायला याल. तेव्हा हे पत्र न पाठवता पोथीतच ठेवते. देवाला मात्र विचारलं आहे. तो नाही म्हणाला नाही.

तुमची सुखात असलेली,
वहिनी