कॅपवाल्या दाढेचा नवस

किन्हीराजा, मंगळवार

साळेबुवा नरेंद्रराव यांस पुंजाजीचा दोन्ही हातांनी रामराम. (एक हात गालावर आहे, तो लिहिण्यापुरता काढला.) कारंज्यात तुम्ही सगळे खुशाल असालच. इकडे तुमची ताई मजेत आहे. माझ्या जिभेला मात्र चैन नाही.

तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी परवा दाढेवर कॅप बसवली, तेव्हापासून जीभ उठसूट तिकडेच जाते (आताही गेली). कडक खाऊ नका, चिकट खाऊ नका, दुसऱ्या बाजूने चावा, ब्रश हलक्या हाताने फिरवा, एवढेच डॉक्टर म्हणाले. बाकीचे नियम तुमच्या ताईने वाढवले. सुपारी लपवली, चिक्की शेजारच्या बाबूलालला देऊन टाकली (तो ती माझ्यासमोर बसून खातो). मी बसलो की उठतो, उठलो की आरशापुढे तोंड उघडतो.

खरी पंचाईत नवसाची आहे. दाढ ठणकत होती तेव्हा मारुतीला बोलून बसलो, की दाढ थांबू दे, गावाला रोडगे घालीन आणि पहिला रोडगा याच दाढेने फोडीन. नुसते रोडगे बोललो असतो तर वरणात कुस्करून खाल्ले असते. पण दुखताना माणूस बोलायला लागला की आवरत नाही. रविवारी पंगत आहे. गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा रोडगा किती टणक असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. फोडावा तर डॉक्टर रागावणार, न फोडावा तर मारुती, आणि सगळे गाव माझ्या तोंडाकडे बघणार. मी घाबरलो आहे, हे फक्त तुम्हाला सांगतो.

आपला,
पुंजाजी

ता. क. कॅपला मी फुलासारखा जपतो आहे, काळजी नसावी.

ता. क. २. (बुधवार) काल सरावासाठी एक रोडगा फोडून पाहिला. रोडगा शाबूत आहे. सोबतच्या काडेपेटीत कॅप आहे. मऊ भाताने निघाली असे डॉक्टरांना सांगून ती दुरुस्त करून घ्या आणि उलट एसटीने पाठवा. फोन करू नका, तुमची ताई उचलते.

नरेंद्र, तुहे भाऊजी पाकीट बंद कराले खळ मांगाले आले, तवाच मले समजलं. डबीत आता तुरीचा दाणा हाय, कॅप माह्या पदराले बांधली हाय. नवस दाढ थांबल्यावरचा होता ना? ते तं कालपासून पुन्हा ठणकून राह्यली. मारुतीले मी सांगून आली, पंगत पुढं गेली. उद्या यायले एसटीत बसवून धाडतो, तोंडासकट. स्टँडवर उभा राय. तुही ताई, चतुरा.