निरोगी म्हणून दिलेलं रक्त

हिंगोली,
रविवार दुपार

प्रिय नचिकेत,

रिटायर झाल्यावर पुणं सोडून हिंगोलीला माझ्यासोबत राहायला येऊ का, असं तू दिवाळीत विचारलंस. होळी झाली तरी मी उत्तर दिलेलं नाही. फोन आले तेव्हा इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, आणि तू असा भला माणूस की एकदाही टोकलं नाहीस. थोडं रागवायचंस तरी. एकटीनं राहून राहून कुणी रागवण्याची सवयच गेली आहे.

माझं काम तुला ठाऊक आहे, आमवातावरचं संशोधन. शरीराचा पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजून बडवू लागतो, तसा हा आजार. सांधे सुजतात, सकाळी बोटं मिटत नाहीत. तो दिसू लागण्याआधी रक्तात काय घडतं, ते मी गावोगावच्या बायकांचं रक्त तपासून शोधते. आखाडा बाळापूरच्या नर्मदाबाईंची बोटं चांगलीच सुजलेली, पण सकाळी हात आखडतात का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं, ‘न्हाई.’ शेवटी गेल्या महिन्यात मी हट्टानं त्यांच्याकडे मुक्कामाला गेले. हळद शिजवायचे दिवस होते, सगळ्या गावाला तो वास. पहाटे उठून पाहते तर त्यांच्या नवऱ्यानं, किसनरावांनी, आधी दाराला कडी घातली. मग बायकोचे हात कोमट पाण्यात बुडवून एकेक बोट मोकळं केलं आणि स्वतः भाकरी थापायला बसले. भाकरी वेडीवाकडी, आणि तोंडानं नर्मदाबाईंना रागावणं चालूच. त्या मला हळूच म्हणाल्या, ‘बाई, कोनाला सांगू नका. लोकं ह्यान्ला हसतेत, म्हनून मी न्हाई म्हनते.’ इतकी वर्षं हा प्रश्न विचारतेय, पण उत्तर देणारीला नवऱ्याची अब्रूही सांभाळायची असते हे मला सुचलं नव्हतं. ती गरम भाकरी खाऊन मी परत आले आणि घराचं कुलूप उघडताना रडू कोसळलं.

आता ते का, हेही सांगते. दिवाळीनंतर लगेच आमच्याकडे तपासणीचं नवं किट आलं. ते नीट चालतं का पाहायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. आमच्या प्रयोगशाळेत ते नेहमी माझंच असतं. दुसऱ्या कुणाला टोचायला शोधत बसण्यापेक्षा मी बाही वर करते. या वेळी माझ्याच रक्तात आजाराची खूण निघाली. किटच नासकं आहे म्हणून मी आमच्या तंत्रज्ञावर, ओमप्रकाशवर, भडकले. बिचाऱ्यानं दुसरं मागवलं, त्यातही तेच. माझ्यासमोर चहा ठेवून तो म्हणाला, ‘मॅडम, किट बराबर हाय,’ आणि बाहेर निघून गेला. खूण सापडलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही, हे मी दहा ठिकाणी भाषणांत सांगितलं आहे. मला झाला. सकाळी मूठ वळत नाही, म्हणून हे पत्र दुपारी लिहिते आहे. बरण्यांची झाकणं हल्ली सैलच ठेवते. औषधं सुरू केली आहेत, बहुतेक लागू पडतील. डॉक्टर आणि ओमप्रकाश सोडले तर हे कुणालाच माहीत नाही. सांगायचं कुणाला, हाही प्रश्नच होता.

खरं तर आज मी ‘येऊ नकोस’ एवढंच लिहायला बसले होते. तुला म्हातारपणी सोबत हवी आहे, दुखणेकरणीची उस्तवार नको, असं मीच तुझ्या वतीनं ठरवून मोकळी झाले होते. पण ते शब्द कागदावर उतरेनात, आणि यात बोटांचा काही दोष नाही. मला एकटीनं राहायचा कंटाळा आलाय, नचिकेत. भीतीही वाटते. माझे हात पुढे वाकडे होतील, कदाचित होणारही नाहीत. हे सगळं लक्षात घे, हवे तेवढे दिवस विचार कर आणि मग ये. नाही आलास तरी मी समजून घेईन, असं लिहिणं मला शोभलं असतं. पण नाही समजून घेणार.

तुझीच,
रेवती