भाईबंद : पाहा – सिंधी

३ मार्च, सोमवार
कपाटाचा वरचा खण रिकामा केला. म्हणजे मिलिंदने केला, मी खाली उभी राहून सूचना दिल्या. बिल्डिंग पाडणार आहेत, महिनाअखेर अंबरनाथ सोडायचं आणि बदलापूरला, कात्रपमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत जायचं. आप्पांचे खंड खाली आले. जगातल्या यच्चयावत लोकसमूहांचा कोश, अ पासून. आठ खंडांपैकी सात आपल्याकडे. आठवा, 'श ते ज्ञ', माझ्या मैत्रिणीकडे, लाजूकडे, उल्हासनगरला. शाळेत होतो तेव्हापासून.
मिलिंद शिंकत म्हणाला, "ताई, रद्दीवाल्याला बोलावू?" म्हटलं, आधी तुलाच देते त्याला. धाकटा भाऊ साठीला टेकला तरी धाकटाच.

५ मार्च, बुधवार
भांडी बांधायची होती. दुसरा खंड उघडून बसले, दुपार गेली.
कारखान्याची लायब्ररी बंद झाली तेव्हा आप्पांनी हे सायकलवरून घरी आणले, कॅरिअरला सुतळीने बांधून. मग दर रविवारी आमचा खेळ. आप्पा डोळे मिटून कुठलंही पान उघडायचे आणि विचारायचे, "आज आपण कोण?" जे निघतील ते आम्ही संध्याकाळपर्यंत. एस्किमो निघाले तेव्हा मी आणि मिलिंद दिवसभर नाकाला नाक घासत होतो. आई म्हणाली, कच्चा मासा खायचा तर तुम्ही खा, मी कालवण टाकलंय. सुदानमधले डिंका निघाले, गुरं राखताना एका पायावर उभे राहणारे, तर मिलिंद तसा उभा राहून पडला, कपाळाला खोक. खूण अजून आहे.
कात्रपला हे मावणार नाहीत. मोजपट्टी लावून पाहिली. पलंग किंवा खंड.

७ मार्च, शुक्रवार
बदलापूरच्या एका वाचनालयात गेले. ग्रंथपालबाई भल्या. जागा आहे म्हणाल्या, पण "संच पूर्ण हवा हो. अर्धवट संच घ्यायचा नाही, असा नियम आहे." मी म्हटलं, अर्धवट कुठे, एकच नाही. त्या हसल्या, नियम हसला नाही.
म्हणजे लाजूकडून आठवा आणायला हवा. नाहीतर रद्दी. आप्पांचे खंड रद्दीत मी जिवंतपणी जाऊ देणार नाही.

८ मार्च, शनिवार
सहावा खंड. आपल्या जातीचं पान. घोंगडी आणि काठी घेतलेल्या म्हाताऱ्याचा फोटो, खाली 'गावकीची कामे'. लहानपणी मी हे पान आप्पांसमोर धरून विचारलं होतं, हे आपण? आप्पांनी चष्मा पुसला. म्हणाले, "हा आपला जुना पत्ता. आजोबांनी दीक्षा घेतली आणि बिऱ्हाड हलवलं. तिथं आता कुणी राहत नाही."
पान फाडलं नाही त्यांनी. रागावलेही नाहीत. पण रविवारी डोळे मिटून पान उघडताना सहावा खंड कधी घ्यायचे नाहीत. हे आज लक्षात आलं. उगाच केर काढला.

९ मार्च, रविवार
आज पाचवा, आणि त्यातली ती ओळ. 'भाईबंद : पाहा – सिंधी.' बस, एवढंच.
तिसरीत होते. भाईबंद म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक. लग्नाला गावाहून येतात आणि मटण कमी पडलं की रुसतात ते. आता पुस्तकच सांगतंय की आपले भाईबंद सिंधी आहेत, जा आणि पाहा. धावत जाऊन आप्पांना दाखवलं. हसू आवरेना त्यांना. सिंध्यांमधल्या व्यापारी लोकांनाच भाईबंद म्हणतात आणि 'पाहा' म्हणजे दुसरं पान काढ, हे मला फार पुढे कळलं. आप्पांनी सांगितलंच नाही. म्हणाले, "पाहा लिहिलंय ना? मग पाहायलाच हवं. चप्पल घाल."
नेलं उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पला, त्यांच्या खात्यातल्या सिंधी मित्राच्या घरी, निर्वासितांच्या बॅरेकीत. मित्राची मुलगी ती लाजू. तिच्या अम्माने बसवलं आणि आधी पापड आणि पाणी पुढे केलं. त्यांच्यात पाहुण्याला तेच. मग विचारलं, तुम्ही कोण लोक? आप्पांनी सांगितलं, बौद्ध. अम्माला कळलं नाही. तेव्हा आप्पांनी जुना पत्ताही सांगितला, स्पष्ट. अम्मा म्हणाली, "पाणी पियो." पानी नाही, पाणी. ण आपल्यासारखाच. मी चकित. खरंच भाईबंद निघाले की हे.
आप्पांनी पेला तोंडाला लावून रिकामा केला आणि आणखी एक मागितला. तहान नव्हती त्यांना, येताना आम्ही उसाचा रस प्यायलो होतो. त्यांच्या लहानपणी गावात ओंजळ धरायची आणि वरून ओतायचे, हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं.

११ मार्च, मंगळवार
लाजूला फोन. पुस्तक परत हवंय असं एकदम कसं सांगणार, म्हणून गुडघ्यांपासून सुरुवात केली. तिचेही गुडघे. शेवटी सांगितलं. "सुजी, तू ये ना पहिले. अम्मा को मिल."
आठवा खंड आप्पांनीच तिथं ठेवला होता. दुसऱ्या भेटीत लाजूला तिचं पान दाखवायला नेला आणि परत आणलाच नाही. ज्यांचं पान त्यांच्या घरी, म्हणाले. नंतर 'श' पुढचं काही बघायचं असेल तर आम्ही रिक्षा करून पाच नंबरला जायचो. किती कारणं काढायचो. शेर्पा, संथाळ, स्वाहिली, सगळे अम्माकडे पापड खात वाचले.

१६ मार्च, रविवार
उ.नगरला जाऊन आले. बॅरेक जाऊन तिथे आता चार मजले. अम्मा केवढीशी झालीय, खाटेवर, डोळ्यांत मोतीबिंदू. उशाशी आठवा खंड. ओढणीत गुंडाळलेला.
पापड आला. पाणी आलं.
अम्माला देवनागरी वाचता येत नाही, तिची सिंधी उजवीकडून डावीकडे. पण एक पान तिला बरोबर सापडतं, कोपरा मऊ पडलाय. पानावर होडीचा फोटो. बोट ठेवून म्हणाली, "ये हमारी नाव है. सिंधू पे. मेरे नाना इसी में बैठके शादियों में जाते थे." मी चष्मा लावला. होडीखाली छापलंय, 'सिंहली कोळी, दक्षिण किनारा'. सिंधी संपून तिथंच पुढची नोंद सुरू होते. श्रीलंकेची होडी. भूगोल शिकवण्यात जन्म गेला माझा, तोंड उघडलंच होतं. लाजूने पायाने माझा पाय दाबला. स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "रोज सकाळी बघते ती. तू काही बोलू नको हां." लाजूला पहिल्यापासून माहीत आहे.
बाहेर आले तर अम्मा ओढणीत पुस्तक बांधत होती. "तेरे आप्पा की अमानत है. ले जा. नाव तो मुझे याद है."
हात पुढे केला मी. खरंच केला, वजनही लागलं हाताला. मग परत उशाशी ठेवलं. म्हटलं, अम्मा, आमच्याकडे जागा नाही. हे तरी खरंच होतं.
लाजूने कोकी, त्यांची कांद्याची जाड पोळी, बांधून दिली. रिक्षात रडले. रिक्षावाल्याने गाणं बंद केलं, भला माणूस.

१७ मार्च, सोमवार
मिलिंद चिडला. "म्हणजे एका चुकीच्या होडीसाठी सगळा संच रद्दीत?" हो म्हटलं. नंतर पश्चात्ताप. सात खंड हॉलमध्ये भिंतीशी. येता-जाता दिसतात. आप्पा असते तर काय म्हणाले असते? दुसरा पेला मागितला असता बहुतेक.

२० मार्च, गुरुवार
ग्रंथपालबाईंना फोन करून खरं ते सांगितलं. होडीचंही. मग म्हणाल्या, "बाई, असं करा. आठव्याच्या जागी एक कार्ड ठेवा. खंड कुठे पाहायला मिळेल ते लिहा. मी समितीला विचारते." समिती सोमवारी बसणार. हो म्हणेल की नाही, त्यांनाही सांगता येईना.

२२ मार्च, शनिवार
खोकी भरून झाली. खंड शेवटी ठेवलेत, उघडेच. दुपारी मिलिंद त्यांच्यापाशी फतकल मारून बसलेला. डोळे मिटून पान उघडलं. "ताई, आज आपण कोण?" खंड सहावाच होता. त्याने पाहिलं, मी पाहिलं. काठीवाला म्हातारा नव्हता, मोंगोल निघाले. बरं वाटलं. मग वाईट वाटलं बरं वाटल्याचं. चहात मीठ घालून प्यायलो, तिथे तसा पितात. भयंकर.
कार्ड लिहिलं. लाजूचा पत्ता लिहायला घेतला, पण परक्या माणसाला अम्माच्या उशापर्यंत कसं पाठवायचं? शेवटी लिहिलं, 'खंड आठवा : पाहा – भाईबंद.'
मिलिंदने वाचलं. "अगं, तो भाईबंद काढणार. तिथे लिहिलंय पाहा सिंधी. सिंधी आठव्यात. आठव्याच्या जागी हे कार्ड. गोल गोल फिरत राहील बिचारा."
"फिरू दे," म्हटलं. "कंटाळला की चप्पल घालेल."