फालशांचं पार्सल

जयपूर, १९ मे २०२५

ती. मालनताईस,
दशरथचा सप्रेम जयभीम. वि. वि.

क्वार्टरच्या अंगणातलं झुडूप यंदा फालशांनी लदबदलंय. आमेरचा किल्ला बघताना हातगाडीवरची मीठ लावलेली ही आंबटगोड फळं खाऊन तुझी जीभ जांभळी झाली होती, तेच हे फालसे. गेल्या वर्षी पाठवलेले वाटेत पिचले आणि तुझ्याकडे त्यांचं सरबतच पोचलं. तीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लोकांचा माल धड पोचवतो आणि बहिणीचा डबा पोचत नाही, म्हणून रत्नमाला मला चारचौघांत चिडवते. शेजारचे नंदकिशोरजी नागपूरला निघालेत, त्यांच्या हाती पुन्हा पाठवतोय. भल्या सकाळी तोडलेत, धुतलेले नाहीत. डबा लगेच उघड.

माया आहेच, ती वाढू दे.
तुझा, दशरथ

नागपूर, २३ मे

चि. दशरथ यास मालनताईचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

डबा मिळाला, पण काय सांगू, खालचे सगळे पिचलेले आणि वरच्यांवर बुरशी. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं पत्र मात्र तीनदा वाचलं. कुठे चुकलं ते शोध आणि नीट लिहून कळव, फोनवर मला समजत नाही. संकल्पची परीक्षा कधी, तुझा गुडघा कसा आहे, रत्नमाला अजून कूलरवरून भांडते का, तेही लिही. आखूड लिहू नकोस.

सौ. रत्नमालेस व मुलास आशीर्वाद.
मालनताई

जयपूर, ३ जून

ती. ताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

चूक सापडली. झाकण घट्ट होतं, त्यामुळे फालसे आत घामेजले आणि थरावर थर दबला. या वेळी उन्हं चढायच्या आत तोडले, नरम पडलेला एकेक वेगळा काढला, पंख्याखाली पसरले, मग फ्रिजमध्ये ठेवले. उथळ डब्याला भोकं पाडून कागदावर एकच थर दिलाय. थर्माकोलच्या पेटीत शेजारी बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवलीय. डबा रत्नमालाचा आवडता होता, त्यामुळे दोन दिवस चहा माझा मलाच करावा लागला. कूलर नवा आणला, भांडण मिटलं. गुडघा तसाच. संकल्प परीक्षेसाठी नागपूरलाच येतोय, पेटी तोच आणेल.

ताई, हेही खराब निघाले तर मी हरलो. पुढे पाठवणार नाही.

लोभ सोडू नकोस.
दशरथ

नागपूर, ७ जून

चि. दशरथ यास आशीर्वाद.

पुढे पाठवणार नाही म्हणालास, तेव्हा खरं सांगणं भाग आहे. फालसे एकूण एक ताजे पोचले. मागचेही पोचले होते. मी आणि शेजारच्या मितालीने बसल्या बैठकीला संपवले. बुरशी मी मनानेच लिहिली. तुझ्या जुन्या डब्याचा काही दोष नव्हता. रत्नमालाच्या डब्याबद्दल तिची माफी मी मागते.

गेल्या वर्षी खरोखर सरबत झालं, तेव्हा तू चार पानं लिहिलीस. आई गेल्यापासून इतकं लांब पत्र मला कोणी लिहिलं नव्हतं. फोनवर तू बरं आहे म्हणतोस आणि ठेवतोस. फळं नीट पोचली म्हटलं की तुझं पत्र थांबेल, अशी मला भीती वाटली. रागावू नकोस.

तुझीच,
मालनताई

जयपूर, १४ जून

ती. ताईस सप्रेम जयभीम.

रागावलो होतो, जेवणापर्यंत. मग रत्नमालाला तुझं पत्र वाचून दाखवताना मध्येच ते तिच्या हातात दिलं, उरलेलं तिनेच वाचलं. नवा डबा तिला तुझ्याकडून हवा आहे.

फालशांचा हंगाम संपला, झुडपावर आता पानंच आहेत. म्हणून या वेळी पोस्टाने नुसतं पत्र पाठवतोय. पुढची चार पानं मागे जोडली आहेत. नीट पोचलं की वाटेत खराब झालं, तेवढं कळव. खराब झालं म्हणालीस तर दुसरं लिहीन.

तुझा,
दशरथ